तहानेच्या रांगेतली एक कुंडी

भाऊजी, तुमच्या दहाव्याला कावळा इतक्या चटकन शिवला की आम्ही सगळे फसलो.

पांझरेच्या काठी पिंड ठेवून भटजी धड मागेही सरकले नव्हते, तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उतरला, चोच मारली आणि मोकळा झाला. अहो, आम्ही प्रत्येकाने एकेक वाक्य तयार करून आणलं होतं! कावळा अडून बसला म्हणजे म्हणायचं असतं ना, तुमचं अमुक राहिलं असेल तर आम्ही करू, तमुकची काळजी सोडा. तुमचे दादा तुमच्या फटफटीबद्दल काहीतरी बोलणार होते. माय रिक्षात बसल्यापासून ओठांतल्या ओठांत पाठ करत होती. बायकांनी नदीवर यायची पद्धत नाही असं कुणीतरी कुजबुजलं, तरी ती आली, म्हणून मीही आले. आणि तुम्ही कुणालाच तोंड उघडू दिलं नाहीत. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मग मायच म्हणाली, "भूक लागेल व्हती त्याले." त्यावर तुमचे दादा जे हसायला लागले ते थांबेचनात, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. भटजींनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुढचा मंत्र जरा मोठ्याने म्हटला.

तर माझंही एक वाक्य तसंच राहून गेलं. ते सांगायलाच बसले आहे. पण माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आधी सगळी हकिगत मांडल्याशिवाय मला निष्कर्षावर येता येत नाही. तुम्ही त्याला "वहिनींचं चऱ्हाट" म्हणायचात आणि मध्येच उठून चहा टाकायला जायचात. आता ऐका. उठून जायची सोय नाही तुम्हाला.

धुळ्याला आमच्या क्वार्टरमध्ये तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा आहे. रावेरहून केळी भरून दिल्लीला जाणाऱ्या ट्रकवरचा माझा दीर. अंगात ताप, खोकला, आणि पॅन्ट इतकी सैल झालेली की पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं. दारातच म्हणालात, "वहिनी, दिल्लीचं पाणी बाधलं. जरा तुमच्या हातचं खाल्लं की निघालो." तुमचं ते निघणं पुढे चार वर्षं चाललं, आणि मला त्याचा एक दिवसही जास्त वाटला नाही. हे मी तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच डोक्यावर बसला असतात.

रक्त तपासलं. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला बाकावर बसवून ठेवलं आणि तुमच्या दादांना व मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं. आवाज इतका खाली आणला की मला निम्मं ऐकूच आलं नाही. एचआयव्ही एवढं कळलं. तोपर्यंत तो शब्द मी फक्त एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचला होता, खाली कवटी काढलेली. तेवढ्यात तुम्ही बाकावरून उठून आमच्यात येऊन उभे राहिलात. "डॉक्टरसाहेब, रक्त माझं आणि कानगोष्ट यांच्याशी?" डॉक्टर भला माणूस होता. ओशाळला, तुम्हाला समोर खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. या दुखण्याला औषध नाही हेही सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "जेवायला काय काय चालतं?" सगळं चालतं म्हणाले. "मग ठीक आहे," असं म्हणून तुम्ही त्यांचा निरोप घेतलात, जसं काही त्यांचीच समजूत काढायला आला होतात.

बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसलात. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिलात. मी शेजारी टेकले. माझ्याशी तुम्ही एरवी शाळेतली मराठी बोलायचात, कारण मी पडले सातारची. पण आत काही हललं की अहिराणीत घसरायचात. तसे घसरलात. "वहिनी, माले तं मायनी आधीच पाखडेल शे. आते आजून काय पाखडतीन?" दादांच्या पाठची दोन मुलं राहिली नाहीत, म्हणून तुम्ही जन्मल्याबरोबर मायने तुम्हाला सुपात घातलं आणि सुपडू नाव ठेवलं, ती गोष्ट. मला हसू आलं आणि हुंदकाही आला, दोन्ही एकदमच. तुम्ही म्हणालात, "दोन्हीपैकी एक काहीतरी करा, लोक बघताहेत."

त्याच महिन्यातलं तुमचं दुसरं प्रकरण सांगू का? नको म्हणालात तरी सांगणारच.

मी भातावर काम करते हे लग्नात कळलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "म्हणजे कुकरवर?" खानदेशात कापूस, केळी, ज्वारी सोडून भातावर कोण पगार घेतं, हा तुमचा कायमचा प्रश्न. मी तुम्हाला शंभरदा सांगितलं की आपल्याच खानदेशात, नवापूरकडे डोंगरउतारावर भात होतो, त्याच्या पायाशी पाणी साचत नाही, आणि पावसाने मध्येच ओढ दिली की अख्खी शेतं बसतात. कोणतं वाण ती तहान सोसतं, ते शोधणं हे माझं काम. त्यासाठी आमच्या संशोधन केंद्रात प्लास्टिकच्या छपराखाली कुंड्यांच्या रांगा. एका रांगेला रोज पाणी. दुसरीला पीक पोटरीत आलं, म्हणजे लोंबी पोटात धरली, की पाणी बंद. भर दुपारी त्या रांगेची पानं सुरळी होतात. पहाटे ज्यांची उघडतात त्यांच्यात अजून जीव आहे असं समजायचं. शेवटी पुन्हा पाणी द्यायचं आणि कोण उठतं, कोणाची लोंबी पोचट निघते, ते बघायचं. ही माझी तहानेची रांग.

त्या दुपारी तुम्ही माझा डबा घेऊन शेडवर आलात आणि मी होते बैठकीत. परत येऊन बघते तर तहानेची सगळी रांग निथळत होती. तुमच्या हातात झारी आणि चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. "वहिनी, तुमचा माळी पाणी द्यायला विसरला होता. पार माना टाकल्या होत्या बिचाऱ्यांनी. मी पाजलं."

मी जी ओरडले ती पलीकडे कापूस विभागात ऐकू गेली. अख्खा हंगाम बुडाला होता, भाऊजी. त्या ओरडण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तुम्ही झारी खाली ठेवून शांतपणे विचारलंत, "तहानलेल्याला पाणी देऊ नका, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात?" मी तावातावाने समजावलं. रोपाने आधी थोडी तहान काढली तर मुळं खोल जातात, मग मोठी तहान सोसते. एकदम कोरडं पाडलं तर झेपत नाही. थोडं थोडं, हळूहळू. तुम्ही डबा उघडून माझ्यापुढे सरकवलात. "आणि ज्याला हळूहळूही सोसत नाही ते?" मी म्हटलं, ते वाळतं. तुम्ही म्हणालात, "मग त्याला कोण विचारतं?"

मी पोळी खाल्ली. वादाची पहिली फेरी ही.

दुसरी आमच्या स्वयंपाकघरात झाली, आणि तिच्यात खेळ नव्हता. गावाकडून निरोप आला होता. मायने तुमच्यासाठी रावेरकडची मुलगी बघितली होती. पोराला ताप येतो, धुळ्याला वहिनीकडे औषध चालू आहे, एवढंच तिला ठाऊक. थंडी पडली की पाहुण्यांना शेतात भरीत खायला बोलवायचं आणि तिथेच बोलणं पक्कं करायचं, असं तिने ठरवून टाकलं. आपल्याकडे भरीत खायला या म्हटलं की निम्मं लग्न जमलंच. मुलीला फसवायचं नाही यावर आपलं दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते मायला कसं सांगायचं यावर. मी म्हटलं, आधी छातीत कमजोरी आहे म्हणून लग्न पुढे ढकला. मग रक्तात दोष आहे म्हणा. मग काही महिन्यांनी नाव सांगा. तिला सवय होऊ द्या. तुम्ही म्हणालात, "वहिनी, माय म्हणजे कुंडी नाही." आणि वर, "मला एवढ्या पायऱ्या लक्षात राहायच्या नाहीत, मी ट्रकड्रायव्हर माणूस." तुमचे दादा सुपारी कातरत म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

तुम्हाला मरणाची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत तुम्ही रात्रंदिवस ज्याला भीत होतात ते वेगळंच होतं. माय काय करेल? तिने दार लावून घेतलं तर तुम्हाला गाव उरणार नव्हतं, आणि गाव उरलं नाही तर तुम्हाला जगणंच नको होतं. हे तुम्ही बोलला नाहीत. पण रोज संध्याकाळी विचारायचात, "माय ऐकून घेईल ना, वहिनी?" आणि मी रोज घेईल म्हणायचे, मला काहीही माहीत नसताना.

मग तो भरिताचा दिवस. भरिताची वांगी असोदा गावचीच हवीत म्हणून आदल्या दिवशी अंगात कणकण असताना फटफटीवर जाऊन पोतं भरून आणलंत. धरणगावच्या अलीकडचं आपलं ते विहिरीजवळचं शेत. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर काळी पडून फुटणारी वांगी, पलीकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापणारी माय. आपल्या घरात कामं ठरलेली. दादांनी सालं काढायची, मी लसूण-मिरची बघायची, आणि लाकडी उखळीत भरीत ठेचायचं ते धाकट्याने. तुमच्या हातचं ठेचणं सगळ्या भाऊबंदांत नावाजलेलं. पाहुणे यायला अवकाश होता. तुम्ही मुसळ उचललंत आणि पुन्हा खाली ठेवलंत.

"माय, आठे ये."

ती पिठाचे हात घेऊन आली. तुम्ही उकिडवेच बसून होतात. "माय, माले रगतनी बिमारी शे. ती एड्सनी. बरी व्हत नही. मन्हं लगीन करू नको, त्या पोरना जलम वाया जाई." मायच्या तोंडावर काही हललं नाही. तुम्ही पुढे म्हणालात, "आते तू सांग, ठेचू का नको? मन्हा हातनं कोन खाई?"

मी हातात सोललेला लसूण धरून उभी होते. मायने तुमच्याकडे पाहिलं. मग उखळीकडे पाहिलं, मग जाळाकडे. आणि ती म्हणाली, "आधी ठेच. वांगा थंडा व्हई ऱ्हायनात."

तुम्ही जे ठेचायला बसलात! मी तसं ठेचणं आजवर बघितलं नाही. भरिताबरोबर तुमचे अश्रूही त्यात गेले असतील. मीठ कमी घालावं का, असा विचार माझ्या डोक्यात आला होता, हे आज सांगते.

पाहुणे आले. मायने त्यांना गोधडीवर बसवलं, पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "पोऱ्या बिमार शे मन्हा. मोठी बिमारी शे. लगीन जमाव नही. पन भरीत खाईसन जा." मुलीचे वडील थोर माणूस. केळीच्या पानावर बसून जेवले, वरून मिरचीही मागून घेतली. जाताना तुमचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही सांगितलं, बरं केलं." पुढच्या वर्षी त्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका आपल्या घरी आली आणि पाकिटावर नाव तुमचं होतं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेलात, आणि पंगतीत वाढायला उभे राहिलात म्हणे.

त्या दिवशी परतताना एसटीत तुम्ही पारोळा येईपर्यंत मला डिवचत होतात. "काय वहिनी? हळूहळू?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. हरल्यावर मी नेहमी खिडकीबाहेर बघते.

पण भाऊजी, वाद तिथे संपला नाही. माय त्या दिवशी एका दमात जे पचवून बसली ते तिला नंतर बाधलं. पुढच्या खेपेला गावी गेलो तर तुमचं ताट वेगळं. काठाला खिळ्याने खूण केलेलं. ते ती स्वतः राखेने घासायची आणि चुलीमागे पालथं घालायची. तुमचा पंचा मागच्या कडुनिंबाच्या खिळ्यावर. राग नव्हता, रुसवा नव्हता. त्या ताटात तूप सगळ्यांपेक्षा जास्तच पडायचं. कुणीतरी शेजारणीने तिच्या मनात काहीतरी भरवलं होतं. जेवणाखाण्यातून हे होत नाही असं मी सांगितलं, डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या तोंडून ऐकवलं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन ताट चुलीमागेच ठेवलं. तुम्ही त्या ताटात जेवायचात आणि आमटीची तारीफ करायचात. मला संताप यायचा. मी एकदा बोलणारच होते, तर तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत. येताना गाडीत म्हणालात, "मायची सध्या दुपार चालू आहे, वहिनी. पानं सुरळी झाली आहेत. पहाट होऊ द्या की."

माझीच विद्या मला शिकवत होतात. वर फुकट.

दवाखान्याच्या बाकावर तुम्ही जो दरबार भरवलात, त्याबद्दल मी तुम्हाला कधी शाबासकी दिली नाही. तपासणीच्या दिवशी तुम्ही उगाच लवकर जाऊन बसायचात. आतून कुणी कागद घेऊन पडल्या चेहऱ्याने बाहेर आला की तुमचा पहिला प्रश्न, "जेवले का?" दुखणं कुठून आलं, कसं आलं, हे तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. लोक दुसरं काही विचारतच नव्हते, म्हणून तुमचा प्रश्न त्यांना नवा वाटायचा. बाहेरच्या टपरीवर नेऊन एका चहाचे दोन करायचात, बशीतला तुम्ही प्यायचात आणि कपातला त्याला द्यायचात. कुणाची बायको माहेरी निघून गेलेली, कुणाच्या दाढीला न्हावी हात लावेना, कुणी स्वतःच घरच्यांच्या अंगणात वेगळी खाट टाकून बसलेला. तुम्ही घरी येऊन त्यांच्या नकला करायचात, आणि नकला करता करता मध्येच थांबायचात.

त्यातल्या एकाला तुम्ही सांगितलंत, घरी सरळ सांगून टाक, माझ्या मायने बघ कसं घेतलं. त्याने सांगितलं. त्याच्या भावांनी त्याला अंथरुणासकट रस्त्यावर काढलं. तो आला तो आपल्याच दारी. आपल्या व्हरांड्यात पुढचा पावसाळा त्याने काढला, आणि तुम्ही रोज त्याचं अंथरूण उन्हात घालत होतात. तेव्हापासून तुम्ही कुणाला सल्ला देणं सोडलंत. हळूहळू सांगा असंही नाही, एकदम सांगा असंही नाही. फक्त "जेवले का?" एवढंच उरलं. त्या वेळी "बघा, मी म्हणत होते ना" हे शब्द माझ्या जिभेवर येऊन परत गेले. माझ्या आयुष्यात मी गिळलेले तेवढेच शब्द असतील. तुम्हाला ते कळलं होतं. त्या रात्री तुम्ही न सांगता माझ्या वाटची भांडी घासलीत.

बरं, हसण्यासारखं सांगते. तुम्ही माझा हंगाम बुडवलात म्हणून पुढच्या वर्षी तुम्हालाच शेडचा पहारेकरी केलं. काय तो पहारा! माळ्याला झारी घेऊन त्या बाजूला फिरकू देत नव्हतात. आमचे साहेब हात धुऊन ओले हात झटकत आले तर त्यांनाही लांब उभं केलंत. आणि ऐन पोटरीत सप्टेंबरच्या शेवटी आभाळ फाटलं. जिल्हाभर लोक पावसाची वाट बघत होते. बाहेर रस्त्यावर पोरं नाचत होती, कापूस विभागातले लोक एकमेकांना टाळ्या देत होते, आणि आपण दोघं वाऱ्याने उडालेलं प्लास्टिक धरून, "इकडून ओढा, तिकडून दाबा" करत भाताला पावसापासून वाचवत होतो. तुम्ही त्या चिखलात ओरडलात, "वहिनी, देव वरून बघत असेल तर म्हणेल, ही दोन कुठली येडी!" मी आडवी पडून कोपरा धरला होता. हसून हसून माझा हात सुटला आणि प्लास्टिक पुन्हा उडालं.

त्या रांगेत कोपऱ्यातल्या एका कुंडीवर तुमचा जीव जडला होता. दिसायला किडकिडीत, फुटवे कमी. तुम्ही तिच्याशी बोलायचात. पाणी पुन्हा सुरू केलं त्या दिवशी सकाळपासून तिच्यासमोर बसून होतात. दुसऱ्या उठल्या, ती उठली नाही. दुपारी मी तिच्यावर फुली मारली. रात्री जेवताना म्हणालात, "आपण तिला तरी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, भाऊजी, मग प्रयोग कसला? तुम्ही म्हणालात, "तेही खरंच." तुम्ही इतक्या सहज कधी हार मानत नव्हतात, म्हणून मला ते लागलं.

आणि या उन्हाळ्यात माय आली होती ते आठवतं ना? तुम्ही त्यावर बोलला नाहीत, मीही नाही. आज बोलते. तुमचं खाणं तोवर फार कमी झालं होतं. ती गावाहून एसटीने एकटी आली, पदराखाली लोणच्याची बरणी धरून. तुम्ही अर्धी भाकरी खाल्लीत आणि ताट सरकवलंत. आमचं साधंच ताट, बिनखुणेचं. माय बडबडत होती, विहिरीचं पाणी आटलं, म्हैस व्यायली, भाऊबंदांनी बांध कोरला. बोलता बोलता तिने तुमचं ताट पुढे ओढलं. "अन्न टाकस का रे? माजना का तू?" असं म्हणत तुमची उरलेली भाकरी तुमच्याच आमटीत बुडवून खाऊन टाकली. बोटं चाटली. आणि म्हशीचं पुढे सांगत राहिली. तिच्या लक्षातही आलं नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. आपण दोघांनीही एक शब्द काढला नाही, ती दचकेल म्हणून. थोड्या वेळाने ती हात धुवायला मोरीत गेली तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "पहाट झाली." मग जरा दम घेऊन, "घ्या. हळूहळूचा एक गुण तुम्हाला." मला तो गुण नको होता, भाऊजी. मला त्या क्षणी फक्त तुमचा हात धरायचा होता. पण वहिनीने दिराचा हात धरून रडायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून मी ताट उचललं.

शेवटचे दिवस मी लिहिणार नाही. ते तुमचे नव्हतेच. त्यात तुमचं असं एकच होतं. नर्स सलाईन बदलायला आली, रात्रपाळी करून थकलेली, तर तुम्ही मोठ्या कष्टाने डोळे उघडून तिला विचारलंत, "जेवले का?"

आता ते वाक्य. कावळा अडला असता तर मी नदीकाठी सगळ्यांसमोर म्हणणार होते, "भाऊजी, दर हंगामाला तहानेच्या रांगेतली एक कुंडी मी तुमच्या नावाने सोडते. जिला सोसणार नाही असं दिसेल ती." पाठ करून आले होते. तुम्ही ते म्हणू दिलं नाहीत, म्हणजे कायद्याने मी बांधलेली नाही. आणि वाद मिटला आहे अशा भ्रमात राहू नका. मुळं थोड्या तहानेनेच खोल जातात, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

पण काल सकाळी कामावर रुजू झाले. भात पोटरीत आहे, रांगेचं पाणी बंद आहे. दुपारी शेडवर गेले तर सगळ्यांची पानं सुरळी, आणि मधल्या एकीने पार मान टाकलेली. इकडेतिकडे पाहिलं. तुमची झारी खिळ्यावरच होती. मी ती भरली आणि त्या एकाच कुंडीला पोटभर पाणी घातलं. मग तिची पाटी काढून तिला प्रयोगातून बाद केलं आणि तिथेच उभी राहिले. जरा वेळाने पान उलगडायला लागलं. माझा हंगाम बुडवून झारी हातात घेऊन तुम्ही त्या दिवशी एवढे समाधानी का होतात, ते मला तेव्हा कळलं.

माळी चहा घेऊन आला. ओली माती बघून दचकलाच बिचारा, आता आपली धडगत नाही असं वाटलं असणार त्याला. "मॅडम, या कुंडीला पाणी कुणी घातलं?"

मी म्हटलं, "आमच्या भाऊजींनी."